किळस येणाऱ्यांसाठी पाच कादंबऱ्या

६ सप्टें., शनि.

साडेसहाला आईंची पिशवी. कडेने सुटली होती. चादर, परकर, गादीचं कव्हर, माझी उजवी बाही कोपरापर्यंत. सासूबाईंच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यावर पिशवी. दिवसातून चारदा रिकामी करायची, दर तिसऱ्या दिवशी बदलायची. सगळे म्हणाले, सवय होते. डोंबल होते. हात तीनदा धुतले आणि तरी पोहे खाताना बोटं नाकाशी नेऊन पाहिली. शी.

हॅमिल्टनचं धुकं, इतकं की गाडी काढताना लेटरबॉक्स दिसेना. फार्मसीत दुपारपर्यंत मूळव्याधीची मलमं आणि नखांच्या बुरशीची औषधं. तिथे नाही येत किळस. तिथे मधे काउंटर असतो.

इथून तासाभरावरच्या पापाकुराहून मृदुलाताईंचा फोन. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक त्याच, दरवर्षी. ‘वाचावे असे काही’ हे पान या वर्षी मी लिहावं म्हणे, कारण मी ‘हीप्स’, म्हणजे ढीगभर, वाचते. गेल्या वर्षी त्या पानावर ‘मन प्रसन्न करणारी दहा पुस्तके’ होती. ते पान वाचून मला मळमळलं होतं, हे त्यांना सांगितलं नाही. हो म्हटलं.

९ सप्टें., मंगळ.

यादी. सगळ्या लायब्ररीतून किंवा ऑप शॉपमधून (जुन्या वस्तूंचं दुकान) आणलेल्या, इंग्रजी. नावं लेखात देईन, इथे माझी टोपणनावं.

केसवाली – खोल्या भाड्याने देणारी बाई. न्हाणीच्या जाळीत अडकलेले भाडेकरणींचे केस गोळा करते, धुते, उशीत भरते. भूत नाही, खून नाही. वाचल्यावर दोन दिवस कंगवा हातात धरवला नाही.

मीठवाली – बेटावरची विधवा. बुडालेला नवरा ओलाच परत येतो, दर अमावस्येला. ती घाबरत नाही. आता याला पुन्हा वाढायचं, म्हणून वैतागते. 

कवळीवाली – मेलेल्या बहिणीची कवळी घालून मेव्हण्याशी गप्पा मारते. मेव्हण्याला आवडतं, हे जास्त घाण.

दूधवाली – इथलीच, वायकाटोच्या गोठ्यातली बाळंतीण. गाईचं कुठलं आणि आपलं कुठलं हे तिला कळेनासं होतं. ते रापा भागातल्या दुधाच्या फॅक्टरीवरून जाताना आता काच वर करते मी.

पाचवी बरणीवाली. अजून वाचतेय. एक सून, एक अंथरुणाला खिळलेली सासू, बंद घर. सासू रोज थोडी लहान होते. आधी पाळण्यात, मग टोपलीत, आता बरणीत. सून तिचं सगळं नीट करते, वेळेवर करते, आणि

(आईंनी हाक मारली. पिशवी. चहा गार.)

१४ सप्टें., रवि.

आईंना दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेने फक्त उजेड. वाचनाचा नाद मात्र जन्माचा, म्हणून रोज संध्याकाळी सहा ते सात मी त्यांना वाचून दाखवते. पुण्याहून आणलेलं कपाट दोन वर्षांत संपलं. आज म्हणाल्या, तू स्वतः काय वाचतेस ते वाच. म्हटलं, इंग्रजी आहे, भयंकर आहे, तुम्हाला नाही आवडायचं. त्या म्हणाल्या, भयंकर म्हणजे किती?

झालं. बरणीवाली सुरू. पुस्तक इंग्रजी, तोंडाने मराठी. भाषांतर करताना घाम फुटतो, पण मजा येते हे कबूल केलं पाहिजे. पाळण्यापर्यंत आलो. आई मान पुढे काढून ऐकत होत्या. एकदाही ‘अगं बाई’ म्हणाल्या नाहीत. लेकीने, ईराने, खोलीत डोकावून विचारलं, "व्हॉट आर यू गाइज रीडिंग?" सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर एकाही शब्दाचं देत नाही. आई म्हणाल्या, सासू-सुनेची गोड गोष्ट.

१७ सप्टें., बुध.

आज सासऱ्यांची तिथी. नि. (नवरा या प्राण्यावर पूर्ण नाव काय वाया घालवायचं) रजा घेऊन, सोवळं नेसून लॅपटॉपसमोर बसला. पुण्याहून गुरुजी. गेलेल्या बापाचं सगळं साग्रसंगीत करतो. जिवंत आईच्या पिशवीचं नाव काढलं की बाथरूमच्या बाहेर. "मला ते बघवत नाही गं." बघवतं कुणाला? मला काय आवड आहे म्हणून बघते? ते लालबुंद, ओलं, कधी कधी आपलं आपण हलतं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी किंचाळले होते, आणि आईंनी विचारलं होतं, काय झालं? मी म्हटलं होतं, काही नाही, पाणी गरम होतं.

संध्याकाळी वाचन. सून सासूला बरणीत ठेवते ते पान. तिथे लिहिलंय की ती झाकण लावते, हात हुंगते, खिडकी उघडून त्या दिवसातला पहिला पूर्ण श्वास घेते, आणि असं किती दिवस चालणार याचा हिशोब करते. मी त्या चार ओळी गाळल्या. झाकण लावलं आणि थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ केली.

आई म्हणाल्या, "इथे काहीतरी गाळलंस."

म्हटलं, नाही हो. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. माणूस कुठे गिळतो ते ऐकू येतं मला. वाच."

वाचलं. हात हुंगण्यापाशी मी दोनदा अडखळले. त्या पूर्ण ऐकून म्हणाल्या, चांगलं लिहिलंय. मग पाणी मागितलं.

२० सप्टें., शनि.

लेख लिहिला. एका बैठकीत, नि. ईराला नेटबॉलला घेऊन गेला होता तेवढ्यात. पाच कादंबऱ्यांवर पाच परिच्छेद, आणि शेवटी एक सहावा, जो लिहायचा नव्हता:

‘रोज सकाळी साडेसहाला मी एका माणसाची विष्ठा पुसते. मला किळस येते. आठ महिन्यांत ती तसूभर कमी झालेली नाही. त्या माणसावर माझा राग नाही, प्रेम आहे की नाही ते बघायला वेळ नाही. जी कादंबरी ही किळस लपवत नाही ती मला सख्ख्या बहिणीसारखी वाटते. सवय होते असं जी बाई सांगते तिच्या घरी मी चहा पिणार नाही.’

खाली नाव घातलं नाही. ‘एक वाचक, हॅमिल्टन’. आईंना छापील दिसत नाही, नि. अंकातली फक्त जाहिरातींची पानं चाळतो, ईरा देवनागरी वाचत नाही. म्हणजे घरात धोका शून्य. पाठवून दिला आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२४ सप्टें., बुध.

आईंना किती मदत लागते ते तपासणारी असेसमेंटवाली बाई आली. दारातूनच किया ओरा (इथला माओरी नमस्कार), पायातले बूट स्वतःहून काढले, मला आवडली. आईंना एकटं ठेवायचे तास, घरातल्या पायऱ्या, अंघोळ, सगळं विचारलं. अंघोळीला यांची मंडळी पाठवतात ती मुलगी आठवड्यातून तीनदा येते, पण आई तिला पिशवीला बोट लावू देत नाहीत. लावू देतात फक्त मला.

पिशवी कोण बघतं, यावर नि. म्हणाला, "वी मॅनेज."

वी! मी त्याच्याकडे बघितलं. बाईने माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना मला गाडीपाशी बोलावून म्हणाली की आई रेस्ट होमला, म्हणजे वृद्धाश्रमाला, पात्र आहेत, आणि मला झोपेची गरज आहे. दुसरं मला आधीपासून ठाऊक होतं.

नि.ला विचारलं, काय करायचं? "तू म्हणशील तसं." म्हणजे ठेवलं तर ठेवणारा तो, आणि घालवलं तर घालवणारी मी. किती सोपं करून ठेवलंय याने स्वतःचं आयुष्य. पुण्याला नणंदेला अजून काही कळवलेलं नाही. कळलं की तिचा फोन येईल, आणि त्यात ‘अनघा, तुझं कौतुक आहे गं’ असेल. त्या वाक्याची पण किळस येते.

२८ सप्टें., रवि.

घड्याळं तासाने पुढे. पिशवीला घड्याळ कळत नाही, माझी झोप मात्र तासाने गेली.

मृदुलाताईंचा फोन. पाच कादंबऱ्या ठीक, पण दिवाळीत लोक फराळ खाताना अंक चाळतात, तर शेवटचा परिच्छेद गाळू या का? विष्ठा हा शब्द तरी? म्हटलं, शब्द बदला हवा तर, ‘शी’ करा. त्यांना ते जास्तच झोंबलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या की त्यांच्या आईचं शेवटची तीन वर्षं त्यांनीच केलं. परिच्छेद तसाच जाईल.

आईंची बरणीवाली संपली. शेवटी सून बरणी घेऊन समुद्रावर जाते आणि दोघींची माफीबिफी होते. आई म्हणाल्या, शेवट लबाड आहे, लिहिणारीला घरी जायची घाई झाली असणार. खरं आहे. लेखात तसं लिहायला हवं होतं. मग त्यांनी कवळीवाली मागितली.

१५ ऑक्टो., बुध.

असेसमेंटवालीने सुचवलेल्या रेस्ट होममधून फोन, फार्मसीत असताना. खोली रिकामी झालीय. कशी झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ३० तारखेपासून दोन आठवडे राहून बघायचं, मग शुक्रवार १४ नोव्हेंबरला हो की नाही ते कळवायचं. घरापासून गाडीने दहा मिनिटं. खिडकीतून रस्ता आणि एक डेअरी दिसते, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान.

मला हो म्हणायचंय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. मला सकाळी साडेसहाला कॉफी पिऊन भिंतीकडे बघत बसायचंय. आईंना कसं सांगायचं तेवढं कळत नाही. कारण विचारलं तर सांगेन की मी कामाला जाते, तुम्ही दिवसभर एकट्या, पडलात बिडलात तर. सगळं खरं आहे आणि त्यात खरं काहीच नाही.

१८ ऑक्टो., शनि.

मंडळाची दिवाळी. शाळेच्या हॉलमध्ये, चकल्या मऊ. अंक वाटले. फराळाच्या रांगेत पुढच्या दोघी पान उघडून कुजबुजत होत्या. एक म्हणाली, कोण असेल गं ही, घरच्या माणसाचं करते आणि असं लिहिते, विकृत बाई. दुसरी म्हणाली, हॅमिल्टनची आहे म्हणजे आपल्यातलीच. पहिली वळून मला म्हणाली, "नाही तर तुम्ही बघा, आईंचं किती मनापासून करता." मी चकली चावली. मऊ चकलीचा आवाज पण येत नाही मेला.

खरंच, अशा बायकांवरच लिहायला हवी एक कादंबरी.

२२ ऑक्टो., बुध.

पाडवा. नि.ला ओवाळलं. त्याने मला परफ्युम दिलं. घरात वास येतो म्हणून का, असं विचारणार होते. सणाचं विचारलं नाही.

संध्याकाळी ईरा भांडी लावता लावता म्हणाली, "आजी मेड मी प्ले दॅट वन ट्वाइस." कुठलं? "द डिवाळी अंक थिंग. द हॉरर बुक्स. मृदुला आंटी रीड इट लाइक अ बेडटाइम स्टोरी."

ऐकू अंक! ज्यांना दिसत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी मंडळ अख्खा अंक वाचून रेकॉर्ड करतं आणि फोनवर पाठवतं. गेल्या वर्षी आईंचं नाव त्या यादीत मीच घातलं होतं. मीच. मृदुलाताईंच्या मागे लागून. छापील दिसत नाही, धोका शून्य, म्हणत होते शहाणी.

ईराला विचारलं, आजी काही म्हणाली का? "शी सेड, अगेन. देन शी सेड, स्वीट अ‍ॅज." ते ‘छान, चालेल’ मात्र ईराचं स्वतःचं असणार. आई ‘स्वीट अ‍ॅज’ कशाला म्हणतील?

सहा वाजता कवळीवाली वाचायला बसले. मी दोन पानं उलटी वाचली तरी आईंनी टोकलं नाही.

२४ ऑक्टो., शुक्र.

अळीमिळी गुपचिळी. सकाळी पिशवी, दुपारी पिशवी, संध्याकाळी कवळी. आई नेहमीसारख्या. मला जेवण जात नाही.

२५ ऑक्टो., शनि.

पिशवी बदलायचा दिवस. आई पलंगावर, पोट उघडं, मी हातमोजे घालून वाकलेली. तेवढ्यात, अगदी भाव काय आहे वांग्यांचा अशा आवाजात म्हणाल्या, "तो लेख तुझा."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पळायचं तर हातात ओला बोळा.

"किळस हा शब्द तीनदा येतो. दोनदा पुरला असता."

मग त्या म्हणाल्या की किळस त्यांना पण येते, स्वतःचीच, रोज, आणि त्यात काही विशेष नाही. पण सगळ्यात जास्त कशाची येते ते सांगू का, म्हणाल्या. मी सांगा म्हटलं.

"तू हे करताना गुणगुणतेस त्याची. जसं काही भाजी निवडतेयस. नऊ महिने ऐकतेय. ते बंद कर."

मी गुणगुणते? मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, बरं. मग पोटावरचं ते पुसलं, पावडर लावली, आणि खोलीत इतकी शांतता की मला माझाच श्वास ऐकू येत होता, नाकाने नाही, तोंडाने घेतलेला.

नवी पिशवी चिकटल्यावर त्या अजून बोलल्या. म्हणाल्या, आता माझं ऐक. पिशवी भरली की मला कळतं, जड लागते. पण मी लगेच सांगत नाही. तू चहा घेऊन बसलीस, कपाचा आवाज आला, की मग हाक मारते. नेहमी नाही, पण पुष्कळदा. मुद्दाम.

मी विचारलं, का?

"माहीत नाही. तुला उठवता येतं तेवढं एकच राहिलंय माझ्या हातात. बरणीतल्या म्हातारीसारखी मला माफी देऊ नकोस. मी ती मागत नाहीये."

हातमोजे काढून डब्यात टाकले, बाहेर डेकवर आले आणि नि.च्या जांडल्स (रबरी चपला) उचलून कुंपणाला फेकून मारल्या. एकेक करून. नऊ महिने गार चहा! नऊ महिने मी स्वतःला राक्षसीण समजतेय, आणि ही बाई तिथे आत बसून कपाचे आवाज मोजतेय. संताप संताप झाला. आणि मग, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, एकदम हलकं वाटलं. घरात चांगली कुणीच नाही. मग हरकत नाही.

आत जाऊन रेस्ट होमचं सांगितलं. कारणं दिली नाहीत. त्यांनीही विचारली नाहीत. बघू, म्हणाल्या, दोन आठवडे जाऊन बघू. नि.ला सांगितल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी. पाणी काढायला याला बरी फुरसत मिळते.

३० ऑक्टो., गुरु.

सोडून आलो. तिथलं जेवण: उकडलेला भोपळा, मटार, कापलेलं सफरचंद. खोली स्वच्छ, वास फिनेलचा आणि त्याच्या खाली तोच. तिथली मुलगी फिजीची, आईंना ‘स्वीटहार्ट’ म्हणाली. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

१ नोव्हें., शनि.

आठला जाग आली. कॉफी. भिंत. अतिशय सुंदर. वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसले, नाही वाटलं.

५ नोव्हें., बुध.

संध्याकाळी सहाला गेले, कवळीवाली घेऊन. पोचले तेव्हा ती फिजीची मुलगी पिशवी रिकामी करत होती. आई आरामात पडून, तिच्याशी इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा. मी दारातच थांबले.

मुलीला विचारलं, करू देतात का? तिला प्रश्न कळला नाही. म्हणाली, पहिल्या दिवसापासून, नो वरीज, शी इज लव्हली.

म्हणजे नऊ महिने त्या अंघोळवालीला बोट लावू दिलं नाही ते लाज वाटत होती म्हणून नव्हे. माझ्याचकडून करून घ्यायचं होतं. आणि मी काय केलं? सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता तर तिथे दारात उभी राहून त्या पोरीचा हेवा केला. गूच्या पिशवीसाठी हेवा! माझी मला शिसारी आली. घरी येताना गाडीत शिव्या दिल्या, आधी त्यांना, मग मला, नि.चा नंबर पुढच्या सिग्नलला लागला.

९ नोव्हें., रवि.

नणंदेचा फोन. कौतुक नव्हतं. आईला ठेवून आलात, असं म्हणाली. मी म्हटलं, हो, ठेवून आलोय, ये आणि घेऊन जा. फोन नि.कडे दिला. तो बाहेर जाऊन बोलला, म्हणजे ‘तिचंच ठरतंय सगळं’ म्हणाला असेल.

दुपारी आईंकडे. कवळीवालीत बहीण कवळी धुते ते पान. आईंनी मधेच थांबवलं आणि म्हणाल्या की इथे वाचून दाखवणारी बाई येते आठवड्यातून एकदा, फुलांच्या गोष्टी वाचते. ऐकवत नाही. मी म्हटलं, मग घरी येता का? म्हणजे तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, वाच पुढे.

१४ नोव्हें., शुक्र.

लवकर निघाले. नि.ला यायचं होतं, पण मीटिंग निघाली. चांगलं झालं.

आईंची पिशवी सुटलेली. फिजीची मुलगी दुसऱ्या खोलीत अडकलेली, घंटा वाजतच होती. आई म्हणाल्या, तू थांब, ती येईल, तिचं काम आहे. मी कपाटातून हातमोजे काढून घातले. चादर बाजूला केली. या वेळी काही गुणगुणले नाही. म्हटलं, "आई, भयंकर वास येतोय."

"येणारच. दुपारी कोबी होता."

मला हसू आलं आणि तोंड उघडल्यामुळे सगळा वास आत गेला, उमासा आला, सिंककडे पळाले. आईंनी ते ऐकलं. माफ करा वगैरे म्हटलं नाही मी, आणि त्याही काही म्हणाल्या नाहीत. परत येऊन उरलेलं पुसलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर ओकारी आली आणि आकाश कोसळलं नाही.

तेवढ्यात तिथली मॅनेजर आली, कागद घेऊन. खूप गोड बोलली. मग म्हणाली की आजची तारीख, खोलीला दुसरं कुटुंब वाट बघतंय, तर काय ठरलं?

मी आईंकडे बघितलं. त्यांना मी बघतेय हे दिसत नव्हतं, पण मान माझ्याकडे वळली. त्या हो म्हणाल्या असत्या तर मी जन्मात माफ केलं नसतं, आणि नाही म्हणाल्या असत्या तरी. त्यांचंही माझ्याबद्दल तेच चाललं असावं, कारण त्या इंग्रजीत म्हणाल्या, तिला विचारा.

मी म्हटलं, त्यांना विचारा.

बाई पेन घेऊन उभी राहिली. माझ्या हातात अजून ते हातमोजे.